नजरेची पापणी

भोंगा वाजला की बेदाण्याच्या पट्ट्यात आता कुणी पळत नाही. खाली बसतात. जवळची भिंत गाठायची, पाठ टेकायची, पदर नाहीतर टॉवेल नाकाला धरायचा आणि उजवा हात सरळ वर करायचा. बेदाणा निवडणाऱ्या बायका असोत, खोकी उचलणारे हमाल असोत, नाहीतर कोल्ड स्टोरेजचा मालक असो, झोपेतनं उठवून विचारलं तरी सगळे हेच सांगतील. दर तीन महिन्यांनी बंबवाले कवायत घ्यायला येतात. भोंगा वाजतो, सगळे बसतात आणि बंबवाल्यांचा तांडेल दारात उभा राहतो. कुणी दाराकडं धावलंच तर त्याला दंडाला धरून परत आत नेऊन बसवायचं, हे तांडेलाचं काम. मग बाकीचे त्या धावणाऱ्याला आठवडाभर चिडवतात.

लोकांना ही बसायची सवय लागली ती नजरेमुळं.

नजर म्हणजे बंबवाल्याच्या टोपाची पुढची काच. दिसायला काच, पण तिच्यात कॅमेरा असतो, आणि तो उजेड बघत नाही, ऊब बघतो. जगातली प्रत्येक वस्तू थोडीफार ऊब बाहेर टाकत असते. माणूस टाकतो, भिंत टाकते, बर्फाची लादीसुद्धा टाकते. आपल्या डोळ्यांना ती दिसत नाही, ह्या कॅमेऱ्याला दिसते. धूर उजेडाला अडवतो, पण ही ऊब धुरातनं बरीचशी निसटून येते. त्यामुळं हात पुढं धरला तर दिसणार नाही अशा काळ्या खोलीत बंबवाल्याला सगळं चित्र दिसतं. गार ते काळं, गरम ते पांढरं. भिंतीशी बसलेला माणूस राखाडी ढिगासारखा दिसतो. पण ढीग तर पोत्याचाही असतो, आणि पोतं काही हात वर करत नाही. म्हणून ती हाताची खूण.

नजर आली आणि आठ वर्षांत राज्यात एकही बंबवाला आगीत गेला नाही. आधी वर्षाला पाच-सहा जायचे. लोकही कमी मरायला लागले, कारण पूर्वी माणसं आगीनं कमी आणि दारात एकमेकांच्या पायाखाली जास्त मरायची.

येरळा स्टेशनचा तांडेल महावीर चौगुले. तांडेल म्हणजे बंबावरच्या टोळीचा म्होरक्या. साहेब बाहेर उभा राहून वायरलेसवर बोलतो, तांडेल पोरांच्या पुढं आत जातो. महावीर सव्वीस वर्षं आत जात होता. दहावीला गणितानं दगा दिला म्हणून भरतीला उभा राहिलेला माणूस, पण नव्या पोरांना नजर शिकवायला साहेब त्यालाच पाठवायचे. कारण इंजिनियरचं बोलणं पोरांना कळत नसे आणि महावीरचं कळत असे.

तो सांगायचा, असं बघा, सोनाराकडं काटा असतो. त्यावर गुंजभर सोनं ठेवलं तरी तो हलतो. त्याच काट्यावर बेदाण्याचं पोतं टाकलं तर काय होईल? काटाच बसेल. आता बाजार समितीच्या दारात ट्रक तोलायचा भुईकाटा असतो. त्यावर ट्रक चढवा, बरोबर वजन दाखवतो. पण त्यावर बायकोची अंगठी ठेवून बघा. आकडा हलत नाही. म्हणजे अंगठी नाही असं थोडंच आहे? अंगठी आहे. काट्याला तिचं काही वाटत नाही, एवढंच.

नजरेला असे दोन काटे असतात. सोनारकाटा लावला की ती शून्यापासून दीडशे डिग्रीपर्यंतच बघते, पण डिग्रीच्या विसाव्या हिश्शाचा फरकही ओळखते. गादीवरनं माणूस उठून गेला तर त्याच्या पाठीचा ठसासुद्धा दिसतो. पण समोर मोठी आग आली की सगळं चित्र पांढरंफटक होतं आणि वाट दिसत नाही. मग नजर आपोआप भुईकाट्यावर जाते. आता ती सातशे डिग्रीपर्यंत बघते, आगीचा आकार दाखवते, छत कुठं तापलंय ते दाखवते. पण काळ्यापासनं पांढऱ्यापर्यंतच्या छटा तेवढ्याच असतात, आणि त्या सातशे डिग्रींत वाटून द्यायच्या असतात. वीस डिग्रीची भिंत आणि सदतीस डिग्रीचा माणूस एकाच छटेत बसतात. माणूस भिंतीत विरघळतो.

"पांढरं म्हणजे गरम, एवढंच शिकून येताय तुम्ही," तो पोरांना म्हणायचा. "कुठल्या काट्यावरचं पांढरं, ते कोण विचारणार? तुमचा मामा?"

काटा बदलल्याची खूण म्हणून काचेच्या डाव्या कोपऱ्यात एक हिरवा त्रिकोण उमटतो. त्रिकोण असला की डोळ्यांनी फक्त वाट बघायची. माणूस शोधायचा तो गुडघ्यावर बसून, भिंतीच्या कडेकडेनं, हातानं चाचपत. महावीर हे पोरांना शिकवायचा खरा. पण आठ वर्षांत नजरेनं इतक्या वेळा बरोबर दाखवलं होतं की गुडघ्यावर बसणं कुणी करत नव्हतं. शिकवणारासुद्धा नाही.

माळावरच्या कोल्डला आग लागली ती मार्च महिन्यात, दुपारी दोनला. कोल्डच्या भिंती म्हणजे दोन पत्रे आणि मधे फोम. फोम पेटला की आग पत्र्याच्या आत दडून चालते, बाहेरनं पत्ता लागत नाही. कॉम्प्रेसरच्या बाजूनं ती पेटली आणि बोळातनं पुढं सरकली. आत सात बायका होत्या. महावीर आणि त्याचा जोडीदार अल्ताफ मुजावर आत शिरले. दुसऱ्या खोलीत तीन हात वर दिसले, त्यातला एक मालन ऐवळेचा. साठीची बाई, अंगानं दांडगी. अल्ताफनं तिला खांद्यावर टाकून बाहेर आणलं आणि नंतर आठ दिवस तो कंबर धरून फिरत होता. तिसऱ्या खोलीत आणखी तीन जणी सापडल्या. उरली एक. मालनची सून सुलभा.

महावीर चौथ्या खोलीच्या दारात उभा राहिला. आग त्याच्या पाठीमागं बोळात होती. समोर चाळीस फूट खोली, खोक्यांच्या थप्प्या, पलीकडची भिंत. सगळं एकसारखं करडं. त्यानं डावीकडनं उजवीकडं मान फिरवली, परत उजवीकडनं डावीकडं. कुठं हात नाही, कुठं काही नाही. त्यानं वायरलेसवर "चार नंबर रिकामी" असं सांगितलं आणि दारावर खडूनं फुली मारली. खोली बघून झाली की फुली मारायची, म्हणजे मागनं येणारा तिथं वेळ घालवत नाही. ते दोघं बाहेर पडले आणि थोड्या वेळानं चौथ्या खोलीचं छत खाली आलं.

संध्याकाळी ढिगारा उपसला तेव्हा सुलभा त्याच खोलीत पलीकडच्या भिंतीशी सापडली. तिच्याजवळ तिचा मोबाईल होता.

चौकशी झाली. नजर जे दाखवते ते सगळं नोंदवून ठेवते, ती नोंद साहेबांनी तीनदा बघितली. त्यात खोली रिकामी होती. मग समितीनं लिहिलं की तपासणीच्या वेळी खोलीत कुणी नव्हतं, मयत नंतर स्वतःहून आत गेली असावी. कशाला गेली ते लिहिलं नव्हतं. ते काम गावानं केलं. सुलभा मोबाईल आणायला परत गेली, मोबाईलपायी जीव घालवला, असं शेडमधल्या बायका निवडता निवडता बोलायला लागल्या. दुसऱ्या एका शेडच्या कवायतीत तर एका हमालानं तिचं नाव घेऊनच पोरींना दम दिला, की तिच्यासारखं पळाल तर तिच्यासारख्या जाल.

तेव्हापासनं मालन दर सोमवारी स्टेशनवर यायला लागली. सोमवारी तिला कामाची सुट्टी. बाकावर बसायची, पोरांनी चहा दिला तर हा चहा का बंब धुतलेलं पाणी असं विचारायची, आणि तोच चहा दोन कप प्यायची. मुलगा तिचा केरळात टँकरवर होता, सहा महिन्यांनी यायचा. घरात ह्या दोघीच. पाच वर्षं एका ताटात जेवल्या असं ती सांगायची, आणि भांडल्याही तेवढ्याच, हेही सांगायची. महावीर समोर आला की ती एकच गोष्ट विचारायची.

"तांडेल, माझी सून बसली हुती का न्हाई? धूर आला तवा मी बोळातनं वरडून सांगितलं हुतं तिला, बस म्हणून. ती 'व्हय आत्याबाई' म्हणाली. मी ऐकलंय माझ्या कानानं."

महावीर म्हणायचा, मावशी, मी बघितलं तेव्हा तिथं कुणी नव्हतं. मालन उठून एस.टी. गाठायची.

असे चार सोमवार गेले. पाचव्या सोमवारी ती गेल्यावर महावीर साहेबांच्या खोलीत गेला आणि आपली नोंद परत एकदा लावून मागितली. त्याला सुलभा बघायची नव्हती, ती दिसणार नाही हे त्याला माहीत होतं. त्याला कोपरा बघायचा होता. डाव्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण होता. पूर्ण वेळ होता.

त्रिकोण लागलेला असताना त्यानं उभ्या उभ्या मान फिरवून खोली रिकामी म्हटली होती. जे पोरांना करू नका म्हणून सांगायचा, तेच. पण त्यापुढं आणखी एक गोष्ट होती आणि ती त्याला सोडेना. भुईकाटा लागतो तो समोर आग असली की. त्याच्यासमोर गार भिंत होती, आग पाठीमागं होती. मग काटा बदलला कुणी?

पुढच्या आठवड्यात रजा टाकून तो पुण्याला गेला. नजरेचा कारखाना तिथं होता. ती बनवणाऱ्या डॉक्टर वसुधा तगारे दोनदा येरळा स्टेशनला येऊन गेल्या होत्या, त्यामुळं तोंडओळख होती. ह्या डॉक्टर म्हणजे औषधाच्या नव्हेत, पदवीच्या. पन्नाशीच्या, बारीक अंगाच्या, बोलताना समोरच्याच्या हातांकडं बघणाऱ्या. सोनारकाटा आणि भुईकाटा हे शब्द त्यांनी महावीरकडनंच उचलले होते आणि परदेशात भाषणात वापरले होते.

महावीरनं आधी नुसतं विचारलं, की मशीन बिघडलं असेल का. तगारे बाईंनी त्यांच्याकडची नोंद काढली आणि नाही म्हणाल्या. मग त्यानं आगीची जागा कागदावर काढून दाखवली. हा मी, ही आग, हे माझं तोंड. बाईंनी कागद बघितला. मग उठून त्यांनी खोलीचं दार लावलं.

त्यांनी जे सांगितलं ते असं. नजर नुसती बघत नाही, हिशोबही करते. छत किती तापलंय त्यावरनं ते किती वेळ टिकेल ते काढते. बंबवाल्याच्या पाठीवरच्या बाटलीत हवा किती ते तिला माहीत असतं. समोर माणूस दिसला तर त्याच्यापर्यंत जाऊन, त्याला उचलून, बाहेर यायला किती वेळ लागेल तेही ती काढते. हा वेळ छताच्या वेळेपेक्षा जास्त निघाला, तर जो जाईल तो परत येणार नाही हे नक्की. अशा वेळी नजर स्वतःहून भुईकाट्यावर जाते आणि तिथंच राहते. माणूस भिंतीत विरघळतो, बंबवाला वळून बाहेर येतो. कारखान्यात ह्याला पापणी म्हणतात. डोळ्यात काही जायला लागलं की पापणी आपोआप मिटते, तसं. ही गोष्ट कारखान्यात सहा जणांना माहीत होती आणि वर खात्यात दोघांना.

महावीरनं विचारलं, म्हणजे ती दिसत होती?

"कॅमेऱ्याला दिसत होती," बाई म्हणाल्या. "तुम्हाला दाखवली नाही."

"मला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर तुम्ही काय केलं असतं?"

त्यानं कागदावर दारापासनं पलीकडच्या भिंतीपर्यंत बोट ओढलं.

"तुम्ही गेला असतात, चौगुले. तुमच्यापैकी प्रत्येक जण जातो. नजर येण्याआधी माझ्यासमोर तीन जण गेले, एका माणसासाठी, जो त्यांच्या आधीच संपला होता. तुम्हा लोकांना दिसल्यावर थांबता येत नाही. म्हणून दिसणंच थांबवलं."

महावीरनं कॅमेऱ्याचं मूळ चित्र मागितलं, ते फक्त कारखान्यात जमा व्हायचं. बाई आधी नको म्हणाल्या, मग त्यांनी लावलं. तीच खोली, तीच वेळ, पण सोनारकाट्यावरची. पलीकडच्या भिंतीशी एक बाई पाठ टेकून बसली होती. पदर नाकाला, उजवा हात सरळ वर. दारात तांडेल आला तेव्हा तिनं हात हलवला. त्यानं डावीकडनं उजवीकडं मान फिरवली, तेव्हा चित्रात ती दोनदा येऊन गेली, आणि दोन्ही वेळा तिचा हात हलत होता. मग चित्र वळलं आणि बोळ दिसायला लागला.

त्यानं पुढ्यातला कागद घडी करून खिशात घातला.

मग त्यानं आकडे विचारले. बाईंनी तेही दिले, काही लपवलं नाही. तिला घेऊन बाहेर यायला दोन मिनिटं वीस सेकंद लागली असती. छत दोन मिनिटं टिकेल असा हिशोब निघाला होता.

"आणि टिकलं किती?"

बाई खिडकीकडं बघायला लागल्या. "दोन मिनिटं चाळीस."

वीस सेकंद शिल्लक राहिली असती. बाई म्हणाल्या, आठ वर्षांत पापणी बारा वेळा पडली, अकरा वेळा हिशोब बरोबर आला. ह्या अकरा वेळांत मिळून सतरा बंबवाले घरी गेले. बारावी वेळ ही. महावीर निघाला तेव्हा त्या जिन्यापर्यंत आल्या.

"बाहेर सांगितलंत तर मी तुम्हाला खोटं पाडणार नाही," त्या म्हणाल्या. "एवढाच विचार करा. लोक बसतात, कारण त्यांना वाटतं की बसलं की दिसतोच. दहातले नऊ त्यामुळं जगतात. उद्या कळलं की कधी कधी दिसूनही दाखवत नाहीत, तर बसेल कोण?"

परत आल्यावर त्यानं पहिल्यांदा अल्ताफला सांगितलं. बंबाच्या फूटबोर्डवर बसून दोघं पाण्याचे होजपाइप सुकत घालत होते. अल्ताफ एरवी तोंडाचा फटकळ, मौलवीलाही सोडत नसे. तो होजच्या पितळी तोंडावरची माती नखानं काढत राहिला.

"म्हंजे त्या सतरांत मी पण असंल."

"असशील."

"कुठल्या आगीत, ते विचारलं नाही ना तुम्ही?"

"नाही."

"बरं केलंत. विचारू पण नका, तांडेल. त्या घरावरनं रोज जायचं असंल मला." आणि जरा वेळानं म्हणाला की धाकटीचं नाव आता शाळेत घालायचंय, आणि उठून पाण्याचा नळ बंद करायला गेला. नळ बंदच होता.

सोमवारी मालन आली. महावीर तिच्या शेजारी बाकावर बसला, पोरांना बाहेर घालवलं आणि सगळं सांगितलं. काटे वगैरे नाही सांगितलं. ती बसली होती, मी दारात होतो, मशीननं मला ती दाखवली नाही, आणि मीही हातानं शोधायचं ते शोधलं नाही. छताचा हिशोब सांगितला. वीस सेकंदांचंही सांगितलं. ते सांगावं का नको ह्याचा त्यानं दोन दिवस विचार केला होता.

त्याचं झाल्यावर तिनं विचारलं, "हात वर हुता?"

"होता."

"कुठला?"

"उजवा."

तिनं मान हलवली. मग कपातला राहिलेला चहा प्याली. "मग मला एकटीला सांगून काय उपेग? मला ठावकीच हुतं. बायकांस्नी सांग. बुधवारी तू येणार हाईस न्हवं कवायतीला, तितं सांग. मोबाईलपायी मेली म्हणत्यात तिला."

महावीरनं तिला बाईंचं म्हणणं समजावून सांगितलं. हे ऐकल्यावर कुणी बसणार नाही, आणि न बसणं जास्त वाईट. दारात काय होतं ते त्यानं नजर येण्याआधी बघितलंय. खोलीच्या दाराकडं बोट दाखवून त्यानं सांगितलं, की एवढ्याशा दारात एकावर एक, खालची कुठली आणि वरची कुठली ते कळत नव्हतं. मालननं ऐकून घेतलं. ती काही समजून न घेणारी बाई नव्हती.

"तुझं खरं असंल," ती म्हणाली. "पर ती तुमचं ऐकून बसली. मी सांगितल्यालं ऐकून बसली. पळाली असती तर वाचली असती का न्हाई, ते द्येवाला ठावं. आता तुमी म्हणताय की ती पळाली. एवढं तरी नगा करू तिचं."

बुधवारी कवायत होती ती नव्या शेडला. माळावरचं कोल्ड जळाल्यावर तिथल्या बायका ह्या शेडला लागल्या होत्या. बेचाळीस जणी, लांब टेबलं, टेबलांवर बेदाण्याचे ढीग, कडेला खोक्यांच्या थप्प्या. दार एकच, दोन फळ्यांचं, त्यातली एक फळी खालच्या रुळात गंजून बसलेली. महावीरनं आल्या आल्या मुकादमाला त्यावरनं झापलं. मुकादम म्हणाला, करतो उद्या. भोंग्याचं बटण बाहेर होतं, अल्ताफला अकराला दाब म्हणून सांगितलेलं. अकराला वीस मिनिटं होती.

महावीर टेबलाच्या डोक्याशी उभा राहिला. नेहमी तो सुरुवातीला एक-दोन गंमती करायचा, बायका हसायच्या. आज त्यानं टोप काढून टेबलावर ठेवला. शेवटच्या टेबलाला मालन निवडत होती, तिनं वर बघितलं नाही.

त्यानं सांगितलं. सुलभा ऐवळे मोबाईल आणायला परत गेली नव्हती. मोबाईल पहिल्यापासनं तिच्याजवळच होता. तुम्हाला शिकवलंय तशी ती भिंतीला पाठ लावून बसली होती, हात वर करून, आणि मी दारातनं परत फिरलो. मग का फिरलो तेही सांगितलं. पापणीचं सांगितलं. बायकांचे हात ढिगांवर थांबले. ज्या दोघी-तिघींनी मोबाईलची गोष्ट सगळ्यात जास्त चघळली होती, त्यांनी मालनकडं बघितलं आणि नजर खाली घेतली. एक म्हातारी रडायला लागली.

मग मधल्या टेबलावरची एक तरणी बाई उभी राहिली. नंदा तिचं नाव, चार महिन्यांची पोटुशी.

"मग आता भोंगा झाला तर आमी काय करायचं? बसायचं का पळायचं?"

महावीरला हा प्रश्न येणार हे माहीत होतं. येताना बंबात बसून त्यानं उत्तर जुळवलं होतं. तो म्हणाला, "बसायचं. मी सांगतो तरी बसायचं. दहातल्या नऊ वेळा—"

"आन धाव्यांदा?"

"दहाव्यांदा मी गुडघ्यावर बसून शोधीन. माझा शब्द आहे हा. नजर काय दाखवते ते मी बघणार नाही."

"तुमी रिटायर झाल्यावर?" कुणीतरी मागनं म्हणालं. कुणी हसलं नाही.

तो पुढं बोलायला लागला, एक एक करून सांगायला लागला. पूर्वी दारात काय व्हायचं, धुरात उभं राहिलं की दोन श्वासांत माणूस कसा पडतो, खाली हवा कशी गार असते. बोलण्याच्या नादात घड्याळाकडं बघायचं राहून गेलं. अकरा वाजले आणि बाहेर अल्ताफनं, ठरल्याप्रमाणं, भोंगा दाबला.

बेचाळीस बायका त्याच्याकडं बघत राहिल्या. मग नंदानं पोटावर हात धरला आणि दाराकडं धावली.

कवायत आहे, कवायत आहे, असं तो ओरडत होता. ते ऐकू जायला कान लागतात. टेबल उलटलं, बेदाणा फरशीवर सांडला आणि त्यावरनं पाय घसरायला लागले. खोक्यांची एक थप्पी आडवी झाली. दाराच्या एका फळीच्या जागेतनं सगळा घोळका एकदम निघायला बघत होता. महावीरचं काम होतं दारात उभं राहून त्यांना परत फिरवायचं. तो दारात पोचला आणि त्यानं एकीलाही परत फिरवलं नाही. चौकटीला पाठ लावून, जी हाताला लागेल तिला दंडाला, झंपराला, केसाला धरून बाहेर उपसत राहिला. बाहेरनं अल्ताफ ओढत होता. नंदा बाहेर पडली, बरी होती. दोघी खाली गेल्या होत्या, त्यांच्यावरनं आणखी गेल्या. एकीचं मनगट मोडलं. म्हातारी बेशुद्ध पडली, पण श्वास चालू होता. भोंगा कधी बंद झाला ते कुणाला कळलं नाही.

बाहेर स्वच्छ ऊन होतं. आग कुठं नव्हती. धुराची एक रेघ नव्हती.

अल्ताफ बायका मोजत होता. दोनदा मोजल्या, एकेचाळीसच आल्या.

महावीर परत आत गेला. टोप टेबलाखाली कुठंतरी लोळत गेला होता, त्यानं तो शोधला नाही. बेदाण्यावरनं पाय सावरत, थप्प्यांच्या मधनं तो शेडच्या पार टोकाला गेला. तिथं भिंतीला पाठ लावून मालन बसली होती. पदर नाकाला, उजवा हात सरळ वर.

तो तिच्यासमोर खाली बसला.

"मावशी, तुम्ही का नाही पळालात?"

"बघत हुते," ती म्हणाली, "कोण येतंय का." हात तिनं अजून खाली घेतला नव्हता.